बर्फातली बाटली

सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फावर मीठ टाकताना सारजाला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. दुपार कलल्यावर तीच बादली उचलून विहिरीत टाकावी, असं तिला वाटू लागलं.

रोहिणीचं इन्सुलिन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूत रोवलेल्या छोट्या माठात असायचं. अंथुर्ण्यात लाइटीचा भरवसा नव्हता, म्हणून फ्रिजच्या भानगडीत घरात कुणी पडलं नव्हतं. माठात प्लॅस्टिकचा डबा, डब्यात बाटली, आणि माठावर झाकणाला दगड. पोरगी शाळेत होती तेव्हापासूनची ही व्यवस्था. पण आज साखरपुड्याला पणदऱ्याहून दोन जीपा भरून पाहुणे यायचे होते. बायका पाणी प्यायला आत येणार, एखादी नेमकी तोच माठ उघडणार, आणि हे काय म्हणून विचारणार. म्हणून सकाळची सुई टोचून झाल्यावर सारजानं गुपचूप डबा उचलला आणि आइस्क्रीमच्या बादलीत, बर्फाच्या पोटात नेऊन खुपसला. थंडच ठेवायचं असतं ना? मग बर्फापेक्षा थंड काय असणार? वर पोतं टाकलं की कुणाच्या बापाला कळत नाही.

आता रोहिणी तिच्यासमोर उभी होती. अंगावर जांभळी साडी, केसांत गजरा, आणि हातात ती बाटली. बाटलीत पांढरा खडा झाला होता.

"काकी, हे कुणी केलं?"

"म्या ठिवली. पाव्हण्यांच्या नजरंला पडू नये म्हणून." सारजा हळूच बोलली. "वितळंल की गं. चुलीपाशी धरू का जरा?"

"वितळलं तरी मेलेलंच ऱ्हातंय ते. एकदा गोठलं की गेलं. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यादेखत सांगितलं हुतं."

"मला आपलं ऊन लागू द्यायचं न्हाय, येवढंच ध्यानात ऱ्हायलं."

"आन मिठाच्या बर्फात घालायचं, हे कुणी सांगितलं? नानांनी?"

सारजाला राग आला. स्वतःचा आला होता, पण काढायला समोर पोरगीच होती. हिची आई हिला पाळण्यात टाकून देवाघरी गेली, तेव्हापासून हिचं सगळं आपण केलं. काचेची सिरिंज होती तेव्हा ती रोज उकळून कोण देत होतं? साखर किती ते बघायला निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून स्टोवर उकळायचं, निळ्याचं हिरवं झालं की विटकरी झालं ते बघायचं, हे सगळं पाचवी नापास झालेल्या सारजानं शिकून घेतलं होतं. आणि आज ही पोर तिलाच जाब विचारत होती.

"तुझ्यासाठीच केलं ना म्या?" ती म्हणाली. "का माझ्या लग्नासाठी केलं?"

"मला विचारून केलं असतंस तर बाटली जित्ती असती," रोहिणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर सारजाला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दत्तोबा आत आला.

दत्तोबा घरातला धाकटा भाऊ, सारजाचा नवरा, रोहिणीचा चुलता म्हणजे नाना, गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन. हे स्थळ त्यानंच आणलं होतं. पाहुण्यांना त्यानं सांगितलं होतं की पोरगी अंगानं बारीक आहे, पण काटक आहे. ते खोटं नव्हतंच. फक्त त्याच्या पुढचं वाक्य त्यानं गिळलं होतं.

तो वाईट माणूस नव्हता. रोहिणी अकरा वर्षांची असताना बारामतीच्या दवाखान्यात बेशुद्ध पडली होती, तेव्हा फुटपाथवर हाच बसून राहिला होता, आणि हिला काही झालं तर डॉक्टरला फोडून काढीन म्हणत होता. पण लोक काय म्हणतील याची त्याला नुसती शंका नव्हती. लोक नेमकं काय म्हणतात ते त्याला पाठ होतं, कारण दुसऱ्यांच्या मुलींबद्दल पारावर बसून त्यानंच ते कितीदा म्हटलं होतं.

"काय कुजबुज लावलीय? बायका तितं तिष्ठत बसल्यात," तो म्हणाला. सारजानं बाटलीचं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, मग तो लगेच काढला. "बरं. झालं ते झालं. उद्या सकाळी म्या सोता बारामतीला जातो. आजचा दिस निभावून न्या."

"संध्याकाळची सुई?" रोहिणीनं विचारलं.

"एक सांज न्हाय टोचलं तर काय मरतीस व्हय?"

"व्हय."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली.

"आज न्हाय, उद्या," रोहिणी म्हणाली. "राती नुसती तहान लागंल. सकाळी उलट्या सुरू हुतील. मग दम लागंल, मग तुमी पुन्यांदा जीप काढाल. तवा पाव्हण्यास्नी काय सांगणार, नाना? पोरीनं आंबं जास्त खाल्लं म्हणून?"

"तोंड सांभाळ. तुझ्या पायी म्या किती उंबरं झिजवलं, म्हाइताय? वर दर शनवारी बारामतीला जाऊन त्या दवाखान्यात बसतीस. दुसऱ्यांच्या पोरांच्या आयांना सुई कशी टोचायची ते दावतीस. पणदऱ्याचं एखादं माणूस तितं आलं असतं म्हंजे?"

"आलं असतं तर बरं झालं असतं. आजची येळ आली नसती."

"अगं, लग्न झालं की आपोआप बरं हुतं असलं."

"कोण म्हणलं?"

कुणीतरी म्हटलं होतं, आणि दत्तोबाला ते बरं वाटलं होतं, म्हणून त्यानं धरून ठेवलं होतं.

मागच्या दाराशी बाजेवर सोनबा आबा घोंगडं घेऊन पडले होते. ते झोपले आहेत असं सगळ्यांनी धरलं होतं. आबांची उमर मेंढरांमागं कोकण नि देश करण्यात गेली होती, आणि उसात त्यांचं मन कधी रमलं नव्हतं. ते पडल्या पडल्या म्हणाले, "दत्ता, म्या येवढी मेंढरं इकली. लंगडं असलं तर लंगडं म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकापास्नं खोड लपवली, असा येक बाजार दाव मला."

"आबा, तुमी गप पडा बरं."

"न्हाय पडत. खोड सांगून दावं हातात द्यायचं. मग घेणाऱ्यानं घ्यावं न्हायतर जावं."

दत्तोबाला वाटलं, आता पोरगी आजोबांच्या बाजूनं उभी राहील आणि दोघं मिळून आपल्याला खातील. पण रोहिणी गर्रकन वळली ती आबांवरच.

"मी मेंढरू न्हाय, आबा. आन ही माझी खोड न्हाय. आजार हाय. तुमच्या गुडघ्याला झालाय तसा. तुमचा गुडघा कोण बर्फात लपवून ठेवतं का?"

आबांनी घोंगडं तोंडावर ओढलं. पण त्याखालून ते म्हणाले, "बोलती बराबर."

दत्तोबानं बाहेर जाऊन बिरूला, रोहिणीच्या बापाला, हाक मारली.

बिरू मांडवात पाहुण्यांना पानसुपारी देत होता. आत येऊन त्यानं ऐकून घेतलं. मुलीकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, आणि टोपी काढून पुन्हा घातली. आयुष्यात कुठलीही अडचण आली की बिरू हेच करायचा. रोहिणीची आई गेली तेव्हाही त्यानं टोपीच काढून घातली होती. मग सगळं धाकट्या भावावर नि भावजयीवर सोपवून तो उसाला पाणी द्यायला निघून गेला होता. मुलीवर त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. उलट तिच्या दंडावरचे सुईचे डाग त्याला बघवत नसत, म्हणून तो बघतच नसे.

"हितं जंक्शन गावच्या दुकानात न्हाय मिळत," रोहिणी त्याला म्हणाली. "बारामतीलाच जावं लागंल, तात्या. आन जाताना मांडवात त्यास्नी सांगून जा, कशाला चाललाय ते."

"जातो," बिरू म्हणाला.

"आन सांगणार?"

"आधी आणतो गं. बाकीचं मागनं बघू."

"मागनं कवा? साडी नेसवून झाल्यावर? का पोरंबाळं झाल्यावर?"

बिरूनं किल्ली घेतली आणि तो मागच्या दारानं गेला. त्यानं मोटारसायकल चालू केली नाही. पाहुण्यांना आवाज जाऊ नये म्हणून घामाघूम होत ती ढकलत पार रस्त्यापर्यंत नेली. घरातल्यांनी लांबून किक मारल्याचा आवाज ऐकला. रोहिणीला सारजाच्या बर्फाचा राग आला होता, नानांच्या बोलण्याचा आला होता. पण ही ढकलत नेलेली गाडी तिच्या मनाला सगळ्यांत जास्त लागली. बाप आपल्यासाठी पळतोय, आणि आपल्यालाच लाजतोय.

बाहेर दत्तोबा मोठ्यानं सांगत होता, "दादा जरा बर्फ आणायला गेलाय. आइस्क्रीम बसंना झालंय. तवर आपण पोरीला बोलवून घेऊ."

मांडवात चौरंग मांडला होता. समोर शंभूराज, नवरा मुलगा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मुलगी बघायला आला होता तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला पुढं शिकायचंय का?" तो प्रश्न रोहिणीला आवडला होता. म्हणूनच तर तिला आज जास्त राग येत होता. हा मुलगा वाईट असता तर गप्प राहणं सोपं गेलं असतं.

तिचे ओठ सुकायला लागले होते. सकाळच्या सुईचा जोर ओसरत चालला होता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. चौरंगावर बसताना तिनं बाटली कमरेला साडीत खोचली होती. ती अजून गार लागत होती.

शंभूराजच्या आईनं, भिमाबाईनं, तिला कुंकू लावलं. खण-नारळानं ओटी भरली. हिरवी साडी तबकात ठेवून पुढं केली. भिमाबाई कमी बोलणारी, वाळलेल्या चेहऱ्याची बाई होती. तिनं पेढा उचलला आणि रोहिणीच्या तोंडापाशी आणला.

एका पेढ्यानं काही बिघडत नव्हतं. रोहिणीला ते चांगलं माहीत होतं. पण हा पेढा खाल्ला की उद्याचाही खावा लागणार होता, आणि परवाचाही. पणदऱ्याच्या त्या घरात परसातल्या न्हाणीचं दार लावून, दिवा न लावता, चोरासारखी सुई टोचावी लागणार होती. आणि एखाद्या दिवशी दाराशी कुणी उभं असलं म्हणून टोचता येणार नव्हती. मग असाच एखादा दिवस शेवटचा ठरणार होता. मरायचं ते मरायचं, पण लोकांची सोय बघून मरायचं? तिनं भिमाबाईचं मनगट धरलं.

"आत्या, मला साखरेचा आजार हाय."

मांडवात वाजंत्रीवाला अजून वाजवत होता. त्याला कुणीतरी हातानं गप्प केलं.

"ल्हानपणापास्नं हाय. रोज दोनदा सुई टोचती मी. जनमभर टोचावी लागणार. लग्नानं जात न्हाय, अंगाऱ्यानं जात न्हाय. तुमच्यापास्नं लपवायचं म्हणून आज माझं औषध बर्फात ठेवलं आन ते गोठून वाया गेलं. तात्या बर्फ आणायला गेलं न्हायत. माझं औषध आणायला गेल्यात."

"अवो, पोरगी भेदरलीय," दत्तोबा हसत हसत पुढं आला. "आईमागारी वाढल्याली. बडबडती कायबी. जीवनसत्त्वाची सुई असती ती, अशक्तपणाची..."

रोहिणीनं कमरेची बाटली काढली आणि तबकात, हिरव्या साडीवर ठेवली. आत अजून गोळा होता. दत्तोबाचं हसणं तोंडावर तसंच राहिलं.

शंभूराजचे वडील माणिकराव उठून उभे राहिले. "साखरंचा आजार म्हाताऱ्या माणसास्नी हुतोय. हिला कसला?"

"पोरास्नी बी हुतो," रोहिणी म्हणाली. "म्हाइती नसतं, म्हणून पोरं मरत्यात. मग लोक म्हणत्यात कुणाची नजर लागली."

दोन बायकांनी आपली मुलं जवळ ओढली. ते रोहिणीनं बघितलं आणि तिचा आवाज चढला. "शिवल्यानं हुत न्हाय हो! माझ्या ताटात जेवा, तरी हुणार न्हाय!"

"फसवलंत आमाला," माणिकराव दत्तोबाला म्हणाले. "चार माणसांत बसवून फसवलंत. दूध सोसायटीत बी आसंच पाणी घालता काय?"

"माणिकराव, सोसायटीचं नाव काढायचं न्हाय! सांगणारच हुतो आमी. दोन दिसांत सांगणार हुतो."

"खोटं," रोहिणी म्हणाली. "नाना, निदान आता तरी खोटं बोलू नगा."

"तू गप! तुझ्या पायी आज माझी..." दत्तोबाचा हात वर गेला. तो खाली यायच्या आत सारजा मधे येऊन उभी राहिली.

"हात लावायचा न्हाय तिला," सारजा म्हणाली. नवऱ्याला ती चार माणसांत कधी बोलली नव्हती. "बाटली म्या मारली. मारायचं तर मला मारा. आन लपवायचं कुणी शिकवलं, ते बी सांगा मग पाव्हण्यास्नी."

आबा काठी टेकत मांडवात आले होते. त्यांनी माणिकरावांसमोर हात जोडले. "चूक आमची हाय. पोरीची न्हाय. तेवढं ध्यानात ठेवून जावा, जायचं असलं तर."

माणिकरावांनी उपरणं झटकलं. "चला. उठा सगळी."

माणसं उठू लागली. चपला शोधू लागली. पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं जाता जाता, भांडण नको म्हणून नव्हे तर नुसत्या उत्सुकतेनं, विचारलं, "पर सुरू कसं झालं गं हे? खाल्लं काय हुतंस?"

रोहिणीला हा प्रश्न दर शनिवारी ऐकायला लागायचा. तिनं नेहमीसारखं सांगितलं. "कायबी खाल्ल्यानं न्हाय, आज्जी. नुसती तहान लागायची. तांब्या संपायचा, पुन्हा तहान. सारखं लघवीला उठायची. मोरीत मी बसले त्या जागी मुंग्या लागायच्या. खात हुते तरी अंगावरचं मांस गळत गेलं. मग उलट्या, मग दम. तोंडाला आंबल्या फळावानी वास. तवा नानांनी मला उचलून जीपमधी घातलं."

भिमाबाई जागची हलली नव्हती. पेढा अजून तिच्या हातात होता.

"मुंग्या?" ती म्हणाली.

तिला आता मांडव दिसत नव्हता. तिला पणदऱ्याची मोरी दिसत होती, आणि मोरीच्या दगडावर मुंग्यांची काळी रांग. तिनं त्या मुंग्यांवर हळद टाकली होती. छकुली नऊ वर्षांची होती, शंभूराजच्या पाठची. पाणी दे, आई, पाणी दे. रात्रंदिवस तेच. भगत आला. त्यानं पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि सांगितलं, हिच्या आत कुणीतरी बसलंय, पाणी तेच पितंय. पाणी तोडा, म्हणजे ते निघून जाईल. घरातले सगळे माठ माडीवर नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी छकुली गोठ्यात सापडली. जनावरांच्या दगडी डोणीला तोंड लावून शेवाळलेलं पाणी पीत होती. तिला तिथून ओढून आणणारी भिमाबाईच होती. पोरीचा दंड तिच्या मुठीत मावला होता.

आणि आत कुणी बसवलं, याचं उत्तर भगतानं धाकट्या जावेकडं बोट करून दिलं होतं. मूलबाळ नव्हतं, म्हणून हिनंच केलं. जाऊ माहेरी काटेवाडीला गेली ती गेलीच.

"पोरी, एक सांग," भिमाबाई म्हणाली. "पाणी तोडलं तर?"

"काय?"

"असं झाल्यालं पोरगं असलं आन त्याचं पाणी तोडलं तर? काय हुतं?"

रोहिणीला पहिल्यांदा कळलं नाही. मग भिमाबाईचा चेहरा बघून कळलं. खोटं बोलता आलं असतं. आज पहिल्यांदाच तिला खोटं बोलावंसं वाटलं.

"पाण्यानं वाचलं नसतं, आत्या," ती सावकाश म्हणाली. "औषधानंच वाचलं असतं. सुईनं."

"म्हंजे तिला बाधा न्हवती."

"न्हाय."

"कुणी केलं न्हवतं."

"कुणी न्हाय."

"म्हंजे ती जाणारच हुती," भिमाबाई म्हणाली, "आन आमी तिला तहानल्याली घालवली."

"भिमे, चल," माणिकराव जीपपाशी ओरडले.

भिमाबाई वळली. इतक्या वाळलेल्या बाईच्या अंगात एवढा आवाज असेल, असं कुणाला वाटलं नसतं. "भगत कुणी आणला? तुमी आणला! आन डोणीपास्नं वढून कुणी आणली? म्या! या हातानं! पाणी मागत हुती वो ती, दुसरं काय मागत हुती?"

"लोकांदेखत गप बस!"

"लोकांदेखतच जावंला काढलीसा की घरातनं! तवा न्हाय लाज वाटली? तिच्या डोक्यावरचा पदर वढून रस्त्यापातुर न्हेली. आन ही पोर खरं बोलली तर फसवलं म्हणता? आपून किती जणास्नी फसवलं, ते आधी बगा!"

माणिकराव एकटेच पहिल्या जीपमध्ये बसले. बाकीची माणसं एकेक करून दाटीवाटीनं त्याच जीपमध्ये शिरली. जीप धुरळा उडवत निघून गेली. शंभूराज गेला नाही; दुसरी जीप त्यानं ठेवून घेतली. तो आईजवळ येऊन उभा राहिला, पण तिला हात लावायचं त्याला धाडस होईना.

सारजा तांब्याभर पाणी घेऊन आली. भिमाबाईला द्यावं म्हणून आणलं होतं. भिमाबाईनं तांब्या घेतला आणि रोहिणीपुढं धरला.

"पी."

रोहिणीला तहान लागलेलीच होती. तिनं तांब्या तोंडाला लावला. घोट घोट करत सगळा रिकामा होईपर्यंत भिमाबाई तिच्या गळ्याकडं बघत राहिली.

"आणखी देऊ?"

"द्या," रोहिणी म्हणाली.

दिवस मावळायच्या बेताला बिरू आला. या वेळी त्यानं गाडी ढकलली नाही, कारण आता लपवायला कुणी उरलं नाही, असं त्याला वाटलं. वाटेत पाहुण्यांची जीप परत जाताना बघून तो घाबरून थेट मांडवापर्यंत गाडी घेऊन आला. बर्फाच्या पिशवीत नव्हे, तर थर्मासमध्ये ठेवलेली बाटली छातीशी धरून तो सवयीनं मागच्या दाराकडं वळला.

"तात्या," रोहिणीनं हाक मारली. "तितं न्हाय. हितं आणा."

बिरू थांबला. टोपीकडं हात गेला, पण त्यानं ती काढली नाही. तो मांडवात आला आणि मुलीपुढं थर्मास ठेवून तिथंच मातीत मांडी घालून बसला. दत्तोबा खांबाला टेकून दुसरीकडं बघत होता. सारजानं सिरिंज नि कापूस आणून दिला.

रोहिणी चौरंगावर बसली. तिनं बाटली दोन्ही तळव्यांत फिरवली, बूच पुसलं, औषध ओढून घेतलं, हवेचा बुडबुडा टिचकीनं वर काढला. पदर बाजूला सारून तिनं दंड उघडा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दार न लावता सुई घेत होती, आणि बिरू पहिल्यांदा बघत होता.

भिमाबाई वाकून त्या सुईकडं बघत होती. केसाहून थोडीशी जाड. टोचली कधी, निघाली कधी, ते कळलंही नाही.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच, आत्या."

"एवढीशीच?"

रोहिणीनं मान हलवली. भिमाबाईनं तोंडावर पदर दाबला. मग ती उठली आणि तिनं हातातला पेढा चौरंगाच्या कडेला ठेवला.

"बाई, ह्या साडीचं काय करू?" सारजानं घाबरत विचारलं.

"असू दे तिच्यापाशी. लग्नाचं म्या आज कुठल्या तोंडानं बोलू?" ती शंभूराजकडं वळली. "गाडी काढ. काटेवाडीला घे."

"आत्ता? आन बाबा?"

"तुझं बाबा बसतील घरात. आपून तुझ्या काकीच्या दारात जायाचं. आत घेतलं न्हाय तर बाहिर बशीन. पर आज जायाचं."